उन्हाळी वाफ्यांची देखभाल : येत्या रविवारी सर्वांनी यावे

सर्व सभासदांना नमस्कार,

नेरुळच्या आपल्या बागेत ऊन आता चांगलंच तापू लागलंय. गवार अजून तग धरून आहे, पण मिरचीची पानं दुपारी माना टाकतात. म्हणून येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता बागेत जमूया. नऊच्या आत काम आटोपायचं आहे. टोपी, खुरपं आणि पाण्याची बाटली आणावी.

मुख्य काम आच्छादनाचं. प्रत्येक वाफ्यावर २-३ इंच सुका पालापाचोळा पसरायचा. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. पालापाचोळा कृपया जाळू नका, तो आपल्याला सोन्यासारखा आहे.

पाण्याबद्दल:
- सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, झारीने मुळाशीच घाला. पाइप सोडून जाऊ नये. मोरबे धरणाचं पाणी पावसाळ्यापर्यंत सगळ्यांना पुरायचं आहे.
- डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार फार असतात.

भेंडीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतोय. लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारा. रासायनिक औषध कुणीही मारू नये, शेजारच्या वाफ्यातली भाजी लहान मुलं खातात.

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी आपला वाफा कोण बघणार ते रविवारीच सांगावं. तयार भेंडी आणि काकडी वाफा बघणाऱ्यांनी खुशाल तोडून न्यावी.