लाल बावटा रस्त्यावर कधी उतरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) रायगडात २०१९ साली एकही आमदार निवडून आणता आला नाही. २०२४ सालीही तेच झाले. त्याच वर्षी जुलैत पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले. राज्यात लाज राखली ती एकट्या सांगोल्याने, तीही बरीचशी तिथले जुने आमदार गणपतराव देशमुखांच्या पुण्याईवर. पण माझी तक्रार पराभवाची नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांनी पक्षाच्या खटारा या चिन्हावर शिक्का मारला आहे, हरणे आम्हाला नवे नाही. पक्षाने लढणेच सोडून दिल्यासारखे दिसते, ते सोसवत नाही.

पक्षाची स्थापना १९४७ ची असली तरी आमच्या अलिबाग तालुक्यात त्याची मुळे आणखी जुनी आहेत. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, जमीन कसायची नाही असे ठरवले आणि सहा वर्षे शेते पड ठेवली. घरात भाताचा दाणा नाही, म्हणून जंगलातून लाकूडफाटा आणून विकायचा आणि त्यावर चूल पेटवायची, असे दिवस त्या माणसांनी काढले. फुटले मात्र नाहीत. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या हाती सत्ता नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या संपाच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. आज त्याच नारायण नागूंचे नातू पक्ष चालवतात, म्हणून अपेक्षा अधिक आहे.

पुढे जानेवारी १९८४ मध्ये, सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी, शेकापचे नेते दि. बा. पाटलांच्या हाकेला ओ देऊन उरणचे शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या रक्तातून मिळाला आहे. २००८ मध्ये ‘सेझ’च्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) विरोधात शेकापचेच प्रा. एन. डी. पाटील उतारवयात गावोगाव हिंडले आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला सार्वमत घ्यावे लागले. तो प्रकल्प उभा राहिला नाही.

आणि आता? उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांवर एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नव्या शहराची टांगती तलवार आहे. विरार-अलिबाग मार्गिकेसाठी जमिनी जात आहेत. खाडीकाठी तर दर मोठ्या उधाणाला जीव मुठीत धरावा लागतो. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, एकदा खांड पडली की खारे पाणी थेट शेतात घुसते, उभे भात दोन दिवसांत पिवळे पडते, पाणी ओसरल्यावर जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसतो आणि पुढची दोन-तीन वर्षे तिथे धड काही पिकत नाही. काही वर्षांनी त्याच पडीक खाजणाकडे बोट दाखवून ‘इथे शेती होतच नाही, प्रकल्पाला देऊन टाका’ असे सांगितले जाते. शहापूर-धेरंडच्या शेतकऱ्यांनी यावर नेटाने लढा दिला, पण श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली. अलिबाग तालुक्यात शेतकऱ्याला लाल बावटा सोडून दुसरा झेंडा शोधावा लागावा, याचे शेकापच्या नेत्यांना काहीच वाटत नाही का?

नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र सिडकोवर धडकले, तेही सर्वपक्षीय कृती समितीच्या हाकेवर. दि. बा. घडले शेकापमध्ये. त्या मोर्चाच्या अग्रभागी शेकाप ठळकपणे दिसायला हवा होता.

नेते, माजी आमदार एकेक करून सत्ताधाऱ्यांकडे गेले, म्हणून पक्ष खचला असे सांगतात. मला हे उलटे वाटते. आंदोलन नाही, म्हणून कार्यकर्त्याला काम नाही आणि काम नाही, म्हणून त्याला बांधून ठेवणारे काही उरले नाही. विधान परिषदेच्या निकालानंतरही चर्चा कोणी दगा दिला याचीच. आपण शेवटचा मोर्चा कधी काढला, याची नाही.

नेत्यांना विनंती आहे की आघाडीत किती जागा मिळणार याच्या बैठका महिनाभर बाजूला ठेवा. १२४ गावांत सभा घ्या, हरकतींचे अर्ज गावकऱ्यांसोबत बसून भरा, फुटलेल्या बाहेरकाठ्यांची यादी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठिय्या द्या. हाक दिलीत तर माणसे आजही येतील.

एक वाचक,
ता. अलिबाग, जि. रायगड