समाधीच्या भिंतीत डबे नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रपूरला अचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवून घेतली, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पुण्या-नागपुरात नोकरीला असलेली गावची मुले सुटीत येताना अलीकडे ‘जिओकॅशिंग’चा, म्हणजे कुणी लपवलेला डबा फोनवरच्या जीपीएसने शोधून काढण्याचा, छंद घेऊन येतात, आणि या समाध्यांच्या आसपास डबा ठेवावा असा विचार त्यांच्यात सुरू आहे. त्यासंबंधी हे पत्र.

हा खेळ मला मनापासून आवडतो. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, तेथून हा खेळ जगभर गेला. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि तो होता तसाच ठेवायचा, एवढाच त्याचा रिवाज. डबा पुरू नये आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, असे खेळाचे स्वतःचेच नियम आहेत.

अडचण शोधण्याच्या पद्धतीत आहे. फोन काही मीटरपर्यंत नेऊन सोडतो, पुढचा शोध हातांनी घ्यावा लागतो. जुन्या भिंतीत चिऱ्यांमधला चुना आधीच भुगा झालेला असतो, एखाद्या सांध्यात पिंपळाचे रोप मूळ धरून असते, आणि डबा इथेच असणार या समजुतीने कोणी चिपा उचकटून पाहिल्या, तर एकट्याच्या हाताने फारसे बिघडत नाही, पण त्याच्यामागून येणारा प्रत्येक जण तोच सांधा चाचपतो. ही समाधी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूला इजा केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार (२०१० च्या दुरुस्तीनंतर) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अमेरिकेतही हा वाद झालेला आहे. साउथ कॅरोलायनाच्या प्रतिनिधिगृहाने २००५ मध्ये दफनभूमीत विनापरवानगी हा खेळ खेळण्याविरुद्ध विधेयक मंजूर केले होते, मात्र पुढे त्याचा कायदा झाला नाही.

शहराबाहेरची गोष्ट तर याहून नाजूक आहे. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे माडिया आदिवासी लोक मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. त्यावर नाव नसते, भोवती कुंपण नसते, त्यामुळे परक्या माणसाला ती डबा लपवायला सोयीची आडजागा वाटेल. खेळाच्या संकेतस्थळासाठी डब्याची नोंद तपासणारा स्वयंसेवक दूर कुठे तरी नकाशा पाहत बसलेला असतो. त्याला हे कोण सांगणार? शिवाय ज्या जिल्ह्याने भूसुरुंगांचे स्फोट सोसले आहेत, तेथे रस्त्याकडेला बेवारस डबा दिसला तर लोकांनी काय समजावे? इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ मध्ये असाच खेळातला डबा बॉम्बशोधक पथकाने उडवून दिला होता.

यावर उपाय खेळातच आहे. समाधीपाशी फक्त पाहायचे आणि डबा दुसरीकडे शोधायचा, अशीही रीत आहे. कमानी किती, जटपुरा दरवाजावरच्या सिंहाखाली काय कोरले आहे, अशा प्रश्नांच्या उत्तरांतून पुढच्या ठिकाणाचे आकडे काढावेत आणि डबा एखाद्या वाचनालयात किंवा ओळखीच्या दुकानात, तिथल्या माणसाला विचारून ठेवावा. यात मुले समाधी नुसती ओलांडून न जाता नीट निरखून पाहतील. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी ती एकदाही तशी पाहिलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पुरातत्त्व खात्याने समाधीच्या प्रवेशाशी याविषयी मराठीत ठळक सूचना लावावी. गडचिरोलीकडच्या गावांत डबा ठेवण्याआधी ग्रामसभेला विचारावे आणि पोलीस पाटलांना जागा दाखवून ठेवावी, अशी खेळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक
ता. मूल, जि. चंद्रपूर