लाकडी पेटी, घुबडं आणि तो शाईचा ड्रॉपर

आंजर्ले
एप्रिलअखेर, रात्रीचे साडेसात

प्रिय बाब्या,

परवा फोनवर तू म्हणालास घुबडांचं नीट सांग, आणि मी "सांगतो रे निवांत" म्हणून फोन ठेवला, तर हे ते निवांत. मोबाईलवरच टाईप करतोय, गोठ्याच्या पायरीवर बसून, डास फोडून खातायत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. लांबेल जरा. घुबडांच्या मागे अजून एक गोष्ट आहे आणि ती मला तोंडाने बोलायला जमली नसती.

शिमगा आटपला आणि काकाने घराची कौलं उतरवायला काढली. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात अर्धी उडाली होती, तेव्हापासून ताडपत्री आणि ठिगळं यांवर पाच पावसाळे काढले, आता कंटाळला आणि पत्रे घालतोय. (मला पत्रे आवडत नाहीत, मे महिन्यात भट्टी आणि पावसात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, पण पैसे त्याचे.) तर दुपारी बाराच्या सुमारास माळ्यावरचे दोघे गडी धडाधड शिडीवरून खाली. एक म्हणाला वर घोणस आहे, कुकरसारखी फुसफुसतेय, मी नाय जायचा. मी बॅटरी घेऊन चढलो, पाय लटलटत होते हे तुला म्हणून सांगतो, आणि कोनवाशाच्या खाली बघतो तर पांढऱ्या कापसाची तीन भुतं. हृदयाच्या आकाराचं तोंड, म्हाताऱ्या सासऱ्यासारखी लांब चोच, आणि तिघंही माझ्याकडे बघून फुस्स्स. गव्हाणी घुबडाची पिल्लं ती. एक मोठं, एक मधलं, एक अगदी मुठीएवढं, आणि बाजूला एक न फुटलेलं अंडं. ही बाई अंडी एकदम घालत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते, म्हणून भावंडांच्या मापात असा फरक.

आणि भोवती काय असेल? गोळ्या. काळ्या, अंगठ्याएवढ्या, पोतंभर. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस परत ओकून टाकतं, त्या ह्या. एक मी नंतर बादलीत भिजवून सोडवली, उंदराच्या तीन कवट्या आणि एक चिचुंद्रीची, दातांसकट. आमच्या आगरात गेली दोन वर्षं पोखरलेली शहाळी कमी पडतायत ती का हे मला त्या बादलीत कळलं. काका आपला उंदराच्या औषधाला श्रेय देत होता.

पिल्लांची जुनी जागा तर गेलीच, वर उघडं आकाश, खाली गडी. काकीने सांगून टाकलं की घुबडाला दगड मारायचा नाही, ते दगड झेलतं आणि नदीवर नेऊन घासत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. तुझी आजी पण हेच सांगायची. ह्या एका समजुतीने कोकणात किती घुबडं वाचली असतील कोण जाणे, बाकीच्या समजुतींनी मेली त्यांचा हिशेब वेगळा. मी 1926 ला फोन लावला, वनखात्याची हेल्पलाईन, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असला पक्षी घरात ठेवता येत नाही, कितीही प्रेमाने ठेवला तरी. वनरक्षक म्हणाला आजची रात्र सांभाळा, सकाळी येतो. आणि चिपळूणकडचा एक ओळखीचा पक्षीवाला आहे, त्याला फोन केला, तो रात्री अकरापर्यंत मला झापत होता.

त्याचं सांगणं असं: पुठ्ठ्याचा खोका, आत जुनं सुती लुगडं, एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, वर चादर. अंधार आणि शांतता, बस. पोरांना बघू द्यायचं नाही, बायकोलाही नाही, मांडीवर घेऊन कुरवाळणं तर अजिबात नाही, आपल्याला लाड वाटतात आणि त्याच्या काळजाचं पाणी होत असतं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग खाणं, कारण गार पोटात अन्न पचत नाही. खाणं काय तर कोंबडीच्या मानेचे बारीक तुकडे, हाडासकट चेचलेले, चिमट्यात धरून चोचीच्या बाजूला हळूच टेकवायचे की गपकन घेतं. नुसतं मऊ मांस दिलं तर हाडं वाकडी होतात, अंगात कॅल्शियम जात नाही. मी विचारलं उंदीर देऊ का, तर म्हणाला दे, पण पिंजऱ्यातला, औषध खाऊन मेलेला दिलास तर तेच विष ह्यांच्या पोटात. झालं, वाडीत दवंडी. तुला सांगतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीवर सात पोरं सात पिंजरे घेऊन हजर, पूर्वी बोरं-करवंदं आणायची तशी.

आणि मग काकी आली. हातात वाटी, वाटीत कोमट दूध, कापसाची वात. म्हणाली, "अरे घसा सुकला असेल रे लेकरांचा." मी फोन कानालाच धरून होतो, तो पलीकडून ओरडला, दूध नको, पाणी पण नको, एक थेंबसुद्धा नको. दूध पाजणाऱ्या आईची ही पोरंच नव्हेत, त्यांच्या पोटाला ते झेपत नाही, आणि पाणी त्यांना खाण्यातून मिळतं तेवढं पुरतं. पण खरी भीती वेगळी. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशी श्वासनळीचं तोंड उघडंच असतं, वरून थेंब सोडलास की तो पोटात जाईलच असं नाही, सरळ फुफ्फुसात जातो. लगेच मरत नाही. रात्रभर तोंड उघडून श्वास घेतं, चोचीशी बुडबुडे येतात, सकाळी गार.

बाब्या, मी फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसलो.

1989 ची मेची सुट्टी. तुमच्या विहिरीवरच्या रहाटाखाली सापडलेलं दयाळाचं पिल्लू. आखूड शेपटी, ठिपक्याठिपक्यांची छाती. तू दोन्ही हातांत उचलून आणलंस, आजी ओरडली, "हात लावलास ना, आता आई घ्यायची नाही त्याला!" सकाळी बुटांच्या खोक्यात ते मेलेलं होतं आणि तू दिवसभर हात रिठ्याने घासत होतास. हातांना वास येतोय माणसाचा म्हणालास. तुला वाटतं मी विसरलो, पण मला ते हात आठवतात, लाल झालेले. तू नंतर पिल्लांना कधी हात लावला नाहीस. आणि गेल्या गणपतीत डोंबिवलीला तुझ्या लेकीने गॅलरीत पडलेलं पारव्याचं पोर उचललं तेव्हा तू केवढ्याने ओरडलास तिच्यावर, मी हॉलमध्ये होतो, चहा हातात तसाच राहिला.

तर ऐक. त्या रात्री तुम्ही सगळे झोपलात आणि मी उठलो होतो. तुझ्या दादाच्या शाईच्या दौतीजवळचा ड्रॉपर मोरीवर धुतला, दुधात पाणी घातलं आणि पिल्लाची चोच उघडून पाजलं. एकदा नाही, तीनदा. ते शिंकल्यासारखं करत होतं, मला वाटलं आवडलं. नाकाशी फेस आला तो शर्टाने पुसला. सकाळी आजी तुला बोलली तेव्हा मी तिथेच उभा होतो, पोहे खात होतो.

36 वर्षं मला वाटत होतं की दोन्ही कारणं असतील, थोडं तुझा हात, थोडं माझं दूध. लहानपणी माणूस असा वाटा पाडून घेतो बघ, स्वतःच्या वाट्याला कमी येईल असा. पण तुझ्या हाताचा त्यात वाटाच नव्हता. पक्ष्यांची आई माणसाच्या वासावरून पिल्लू टाकत नाही. आणि ते पिल्लू अनाथ पण नव्हतं रे, पिसं आलेली, उडायला शिकताना खाली उतरलेलं, नर-मादी दोघं रहाटावर बसून किंचाळत होती आठवतंय? आपण त्यांना तिथून हाकललं आणि म्हणालो बघ आई येत नाही. त्याला तिथेच झुडपावर ठेवून मांजराला लांब बांधलं असतं तर काम झालं असतं. उचलून घरी नेलं ही चूक दोघांची, मान्य, पण मारलं मी.

आता घुबडांचं पुढे. पहाटे शेंडेफळ गेलं. सगळं बरोबर केलं होतं, बाटली दोनदा बदलली, लाईट गेली तेव्हा चुलीवर पाणी तापवलं, तरी गेलं. आधीच गार पडलं होतं ते. मी त्याला माडाच्या बुंध्याशी पुरलं आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठी कमी आणि दुसऱ्या कुणासाठी जास्त रडलो.

सकाळी वनरक्षक आला, पोरगाच आहे पंचविशीचा, पण शहाणा. पंख तपासले, डोळे बघितले, म्हणाला दोन्ही ठणठणीत आहेत, ह्यांना कुठे नेऊ नका, आई-बाप इथेच आहेत, तेच सांभाळतील, आपण फक्त घर द्यायचं. घर म्हणजे काय, तर माझ्या पोटमाळ्यावर आजोबांच्या काळची देवदाराची आंब्याची पेटी होती, ती. एका बाजूची फळी अर्धी कापली, पुढे उंबरठा ठेवला पिल्लं पडू नयेत म्हणून, तळाला भोकं, आत पेंढा न घालता त्यांच्याच जुन्या गोळ्यांचा चुरा. काकाच्या माळ्यापासून वीस पावलांवर माझा गोठा, त्याच्या तुळईवर पक्की बांधली. गाई विकल्यापासून रिकामाच आहे. गव्हाणी घुबड गव्हाणीच्याच वर, नाव ठेवणाऱ्याने बघूनच ठेवलं असणार.

त्या रात्री मी आगरात पोफळीआड बसलो. नऊ वाजता पांढरं काहीतरी डोक्यावरून गेलं, आवाज शून्य, पंखांच्या कडा अशा मऊ की वारा कापलेला कळत नाही. दोघंही आली. पण काकाच्या घरावर घिरट्या, जिथे माळा होता तिथे, असलेल्या जागी नसलेलं घर शोधत. गोठ्याकडे फिरकली नाहीत. मी बाराला शिडी लावून मानेचे तुकडे भरवले आणि मनात म्हटलं, बघ, आजी बरोबर होती.

तिसऱ्या रात्री, साडेआठ असेल, पिल्लं भुकेली, दोघांनी मिळून जी फुसफुस लावली ती रस्त्यावरून ऐकू येत होती. बाप असेल की आई, मला ओळखता येत नाही, आधी चिंचेवर बसलं. मान इकडे, मान तिकडे. ह्यांचे कान वर-खाली असतात, एक जरा वर, एक खाली, त्यामुळे काळोखात आवाज नेमका कुठून येतो हे कळतं, पाचोळ्यातला न दिसणारा उंदीर त्यावर धरतात. मग उतरलं गोठ्याच्या खिडकीत. पायात उंदीर. पेटीच्या उंबरठ्यावर चढलं, आत वाकलं, आणि फुसफुस एकदम बंद. खाऊ मिळालेल्या पोराचं तोंड बंद होतं तशी.

त्या पिल्लांना तोवर किती हात लागले होते मोज. माझे, दोन गड्यांचे, काकीचा (चोरून, मला माहितीय), वनरक्षकाचे. पाच माणसांच्या वासाची, कोंबडीच्या रक्ताची, फिनेल मारलेल्या ओटीवरून आलेली पोरं ती, आणि आई-बापाने एकदा हुंगूनसुद्धा बघितलं नाही. मला तेव्हाच तुला फोन करायचा होता, रात्रीचे पावणेनऊ, तू लोकलमध्ये असणार म्हणून केला नाही. म्हणजे हे कारण खोटं, धीर झाला नाही.

तेव्हापासून मी काही केलेलं नाही. पिंजरे परत दिले, पोरं नाराज. एका रात्री पाच फेऱ्या मोजल्या पहाटेपर्यंत. मोठ्याचा कापूस गळून आता सोनेरी-राखी पिसं आलीत, तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख फडफडवत नाचतं, धाकटं मागून नक्कल करतं आणि पडायला होतं. आठ आठवड्यांच्या आसपास उडतात म्हणे, म्हणजे मोठं आज-उद्याच. फोटो मी ग्रुपवर टाकलेला नाही आणि तूही टाकू नकोस, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घुबडं शोधत फिरणारे मांत्रिक अजून आहेत, जादूटोणाविरोधी कायदा 2013 ला झाला तरी. इथे कुणी विचारलं तर मी सांगतो, गोठ्यात घोणस आहे. गडी साक्षीला आहेत.

काका पत्र्याच्या पोटात एक खोका बसवून द्यायला तयार झालाय, पुढच्या वर्षासाठी. शहाळ्यांचा हिशेब सांगितल्यावर झाला, पुण्य मिळावं म्हणून नाही.

लेकीला हे पत्र दाखव, किंवा नको दाखवू, तू ठरव. पण मेमध्ये तिला घेऊन ये, धाकटं तोवर असेल. तिला शिडीवर चढवणार नाही, पोफळीआडून बघायचं. आणि तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर तेही इथे येऊनच ओरड, आगर मोठं आहे.

थांबतो, फुसफुस सुरू झाली.

तुझा,
दौतीवाला

ता. क. हापूस पाठवतोय शनिवारच्या गाडीने, चार डझन. यंदा पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत, लाकडी पेटी कशात गेली ते तुला कळलंच.