खालीत टिकतं, भरीत पडतं

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "ताई, जाहिरात नका करू, आहे तेवढीच कामं उरकून नाही राहिली." पण माझ्या गाडीतला बंद पडणारा आवाज तुम्ही दुरुस्त करून दिलात, त्याचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही, आणि तुमच्या दुकानात ते नीट मानता आले नाहीत. तेव्हा माझा गळा दाटला होता आणि तुमच्या मागे दोन गाड्या उभ्या होत्या.

बाबांनी नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी चाळीस वर्षं तबला शिकवला. आता हात कापतो. वाजवणं सुटलं, ऐकणं तेवढं उरलं. दर रविवारी सकाळी मी त्यांना गाडीतून रामटेककडे नेते. जायला पन्नासेक किलोमीटर, यायला तेवढेच, आणि सगळा वेळ त्यांच्या जुन्या मैफिलींचं ध्वनिमुद्रण. गाडीसोबत आलेल्या स्पीकरांतून तबला ऐकू यायचा, डाव्या हाताचा जड आवाजाचा डग्गा नाही. "अर्धाच माणूस बोलतो आहे," असं बाबा म्हणायचे. म्हणून मागच्या वर्षी डिकीत वूफर आणि अँप्लिफायर बसवून घेतला. पहिल्या रविवारी डग्ग्याचा घुमारा उमटला तेव्हा बाबांनी मागे हात नेऊन सीटच्या पाठीला लावला. त्यांना ती थरथर हाताला लागत होती.

मग तो अँप बंद पडायला लागला. पंधरा-वीस मिनिटं सुरेख चालायचा आणि ऐन रंगात आवाज गप्प. डिकीत लाल दिवा. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. बाबा मांडीवर ताल धरून असायचे. आवाज तुटला की त्यांचा हात तसाच अधांतरी थांबायचा. भाऊ, मला त्या अँपचं फार दुःख नव्हतं. तो थांबलेला हात आरशात बघवत नव्हता.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी गेले. जिथून सामान घेतलं त्या काचेच्या दारांच्या दुकानात सांगितलं, नागपूरचं ऊन आहे मॅडम, अँप तापतो. तापून बंद होणारे अँप असतात हे खरं, पण माझा जानेवारीत सकाळी सात वाजताही बंद पडत होता. हे सांगितलं तर त्यांनी डिकीत दोन पंखे लावून दिले आणि बिल केलं. दुसऱ्या ठिकाणी अँपच बदलायला लावला, साडेनऊ हजार. जुना बदल्यात ठेवून घेतला. तिसऱ्या आठवड्यात नवाही तसाच करू लागला. तिसऱ्या ठिकाणी तर "घरी कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना पाठवा" असं तोंडावर सांगितलं. तिघांनीही एकच केलं. गाणं लावलं, दोन मिनिटं ऐकलं, "चालू आहे की" म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बाबा प्रत्येक ठिकाणी एक वाक्य सांगत होते, "खालीत टिकतं, भरीत पडतं." तालात डग्गा मुका राहतो ती खाली, घुमतो ती भरी. एका पोराने हसून त्यांना बाहेरच्या स्टुलावर बसायला सांगितलं होतं. बाबा बसले. काही बोलले नाहीत. मीही तेव्हा बोलले नाही, ते अजून टोचतं.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आता चालू आहे ना? मग बंद पडू द्या. बंद पडल्याबिगर मले समजणार कसं?" गाडी शेडखाली घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि तुम्ही मागच्या सीटवर बाबांशेजारी जाऊन बसलात. काम पडलं होतं, पोरगा दोनदा बोलवायला आला, तुम्ही हातानेच त्याला थांबवलंत. मग बाबांना विचारलंत, "काकाजी, हे नेमकं केव्हा पडते?" बाबांनी तेच वाक्य सांगितलं. या खेपेला आवाज जरा बारीक होता, हेही हसतील म्हणून.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तबल्यातलं मले नाही समजत. दाखवा." तुम्ही पँटच्या मांडीवर दोनदा हात पुसलात, तरी रेषांमधलं काळं ग्रीस निघेना, आणि तो उजवा तळहात बाबांसमोर आडवा धरलात.

बाबांनी कापत्या बोटांनी त्या तळहातावर सोळा मात्रांचा तीनताल वाजवला. धा धिं धिं धा. डग्ग्याच्या बोलाला मनगटाने दाब, नुसत्या तबल्याच्या बोलाला बोटाचं टोक. तुम्ही डोळे मिटून घेतले होते. नववी मात्रा गेली, मग तिं तिं ता, ता. दहापासून तेरापर्यंत डग्गा मुका असतो, तुमच्या हातावर नुसती बोटं. चौदाव्या मात्रेला बाबांचं मनगट पुन्हा दाबून पडलं आणि तुम्ही ताडकन म्हणालात, "थांबा काकाजी. जड हात पडला की जाते. म्हणजे भार आला की." आणि तुम्ही मीटर आणायला गेलात.

बाबांच्या वयाच्या माणसाने सांगितलेलं कोणी असं अंगावर घेऊन ऐकलं, हे मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. तीन दुकानांत यंत्रं भरपूर होती. हात पुढे करणारं कोणी नव्हतं.

पुढचं सगळं तुम्ही भराभर केलंत आणि तेही मला दाखवत. आधी मीटर बॅटरीला लावून बघितलंत, "आधी हे खरं बोलते का पाहू." २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात ५६ अंशांची नोंद झाली होती आणि हवामान खात्याने मग तो सेन्सरमधला दोष असल्याचं सांगितलं होतं, ते तुम्हीच आठवण करून दिलंत. बॅटरीवर चौदा व्होल्ट होते. तेवढ्यात अँप पडायला लागला होताच. डग्गा घुमला की अँपच्या टोकांवर आकडा झपकन दहावर यायचा. मग बॅटरीच्या मायनसपासून एक लांब तार डिकीपर्यंत ओढलीत आणि अर्थिंगच्या जागेवर, म्हणजे अँपची मायनस तार पत्र्याला बोल्टने आवळली होती तिथं, मीटर धरलंत. साडेतीन व्होल्ट. "इथं पाव व्होल्टही नाही पाहिजे ताई. सगळं इथंच खाऊन राहिलं." मला त्या बोल्टला बोट लावायला सांगितलंत. बोट लगेच मागे आलं, इतका तो तापला होता. बसवणाऱ्याने डिकीच्या पत्र्यावरचा रंग न खरवडता तसाच बोल्ट आवळला होता. रंगातून करंट नीट जात नाही. जो जातो तो कडेकडेने, त्याने सांधा तापतो, तापला की आणखी अडतो, आणि व्होल्टेज पडलं की अँप स्वतःला वाचवायला बंद होतो. वीस मिनिटांचं कोडं ते एवढंच. अँप बदलणाऱ्यानेही तार त्याच बोल्टवर परत आवळली होती. माझा जुना अँप बहुतेक चांगलाच असावा, हे तुम्ही किती हळू आवाजात सांगितलंत. मला वाईट वाटू नये म्हणून.

पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा पत्रा चकाकेपर्यंत घासलीत, तारेच्या टोकाला नवं थिंबल दाबून बसवलंत, वरून ग्रीस लावलंत, गंज धरू नये म्हणून. पैसे विचारले तर दोनशे. मी पाचशेची नोट पुढे केली, तुम्ही तीनशे मोजून परत दिले. वर ते दोन पंखे काढून माझ्या हातात ठेवलेत, "लागत नाहीत, घरी कुठं कामी येतील."

आपल्या गावात अशी माणसं आहेत, टिनाच्या शेडमध्ये, पाटीवरचा रंग उडालेल्या दुकानांत, आणि त्यांच्याकडे आपण सगळीकडून फिरून, पैसे घालवून, शेवटी जातो. मी तुमच्या दुकानावरून गेली अकरा वर्षं रोज जाते आहे. एकदाही थांबले नव्हते. याची मला मनापासून खंत वाटते.

त्यानंतर चार रविवार झाले. रामटेकला जाऊन येईपर्यंत आवाज एकदाही तुटला नाही. बाबांचा हात मांडीवर चालू असतो, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो, आणि मी आरसा थोडा खाली करून ठेवला आहे, तो दिसावा म्हणून.

बाबांचा तुम्हाला एक निरोप आहे. त्या दिवशी तुम्ही चौदाव्या मात्रेवर उठलात. दोन मात्रा आणि सम तुमच्या हातावर द्यायची राहिली, असं ते रोज म्हणतात. कधी दुपारी कामं कमी असतील तेव्हा घरी या. चहा मी करते. हात धुतले नाहीत तरी चालेल.