कांदा राज्याचा, बंदर केंद्राचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांद्याचे भाव पडले की आमच्या भागातले लोक तहसील कचेरीवर जातात, घोषणा देतात, निवेदन देतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो. डिसेंबर २०२३ च्या अशा एका फोटोत मागच्या रांगेत पदर खोचून मीही उभी आहे. निवेदन घेताना साहेब एवढंच म्हणाले, "ताई, वर पाठवतो." वर म्हणजे कुठे, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

८ डिसेंबरला निर्यातबंदी लागली, त्या दिवशी आमचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या फाटकाबाहेर होता. माल लाल कांद्याचा. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून वाट पाहिली असती. लाल कांद्याला तेवढा दम नसतो, लगेच कोंब धरतो. लिलाव बंद. आमचे मालक दोन रात्री ट्रॉलीवर ताडपत्री टाकून तिथेच झोपले. पुढे जो भाव मिळाला, तो आदल्या आठवड्याच्या निम्म्यावर होता.

मुलगी नाशिकला एमपीएससीचा अभ्यास करते. तिने घरी येऊन राज्यघटनेची सातवी अनुसूची वाचून दाखवली. कोणता विषय केंद्राचा, कोणता राज्याचा, ते तिच्यात लिहिलेलं असतं. शेती राज्यसूचीत, १४ वी नोंद. बाजार आणि जत्रा, २८ वी, तीही राज्याकडे. सातबारा राज्याचा, बाजार समितीचा कायदा राज्याचा. परदेशाशी व्यापार आणि आयात-निर्यात मात्र संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे, ४१ वी नोंद. अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीत. म्हणजे दोघांचा, पण दोन कायदे एकमेकांच्या आड आले तर सहसा केंद्राचाच चालतो. थोडक्यात, माझा कांदा वावरात आहे तोवर राज्याचा, न्हावा-शेव्याच्या बंदरात पोचला की केंद्राचा. निर्यातीवरचा आदेश निघतो दिल्लीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयातून, आणि आम्ही घसा कोरडा करत होतो तहसीलदारांपुढे!

ही वाटणीच चूक आहे असं मी म्हणत नाही. उद्या प्रत्येक राज्याने आपापल्या बंदरावर आपला नाका बसवला तर कोणाचंच भलं होणार नाही. शहरातल्या बाईला कांदा ऐंशी रुपये किलोने घ्यावा लागतो तेव्हा तिलाही कोणी वाली हवा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर भावानेच निर्यात करायची अट, डिसेंबरात बंदी. चार महिन्यांत तीन वेळा नियम फिरला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तरी किमान ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क लागलंच. (आमच्याकडे मतदान २० मेला होतं. योगायोग असेल.) शुल्क पुरतं गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. भाव पडला की अनुदान मागायला मात्र आम्ही राज्याच्याच दारात. २०२३ च्या सुरुवातीला भाव गडगडले तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये दिले, तेही २०० क्विंटलपर्यंतच.

जीएसटीचं काय होतं बघा. जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो, केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि तीन चतुर्थांश मतांशिवाय ठराव होत नाही. गंमत अशी की कांद्यावर जीएसटीच नाही! ज्याने कांद्याचं वाटोळं होतं, त्या निर्यातीच्या आदेशाआधी राज्याला विचारायचं बंधन कुठेच नाही. घटनेच्या कलम २६३ मध्ये केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून बोलण्यासाठी आंतरराज्य परिषदेची सोय आहे. ती १९९० साली स्थापन झाली, आणि २०१६ च्या जुलैत बसली ती तिची अकरावीच बैठक. इतक्या वर्षांत अकरा. आमच्या गावची ग्रामसभासुद्धा याहून जास्त वेळा भरते, कोरम होत नाही ही गोष्ट वेगळी.

कांदा पिकवणाऱ्या आणि कांदा विकत घेणाऱ्या, अशा दोन्ही राज्यांना आदेशाआधी समोर बसवा, ही माझी मागणी दिल्लीकडे आहे. तुमच्याकडे एक छोटीशी: यापुढे कांद्याची बातमी छापाल तेव्हा आदेश कोणत्या मंत्रालयाचा, ते पहिल्याच ओळीत छापा. पुढच्या वेळी निवेदनावर पत्ता तरी बरोबर घालू.

आपली,
एक कांदा उत्पादक,
ता. चांदवड, जि. नाशिक