विषय : जीभ टोचल्यानंतर दात व हिरडीला झालेल्या इजेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या वर्षी मी तुमच्या स्टुडिओत जीभ टोचून घेतली. टोचणाऱ्या मुलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सुईचं पाकीट तिने माझ्यासमोर फोडलं, जखमही नीट भरली. तक्रार आहे ती त्यानंतरची.

टोचल्यावर जीभ सुजते म्हणून आधी मुद्दाम लांब दांडी घालतात आणि सूज उतरली की ती काढून आखूड घालायची असते. हे मला दातांच्या डॉक्टरांकडून कळलं, तेही नुकसान झाल्यावर. तुमच्या कार्डावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि सिगारेट-दारूची मनाई, बस्स. दांडी बदलायला या, असा एक फोन नाही. (नव्या दागिन्यांवरच्या सवलतीचे मेसेज मात्र न चुकता येतात.)

दांडीचं टोक बोलताना, गिळताना खालच्या पुढच्या दातांना आतून घासत राहिलं. तिथली हिरडी खाली सरकून एका दाताचं मूळ उघडं पडलं आहे; गार पाणी लागलं की कळ जाते. ही जागा एरवी दिसतच नाही. डॉक्टरांनी तोंडात छोटा आरसा धरला तेव्हा पिवळट मूळ आणि दांडीच्या टोकाच्या गोळीवर चढलेलं किटण, दोन्ही दिसलं. जेवताना गोळी दाताखाली येऊन एका दाढेचा टवकाही उडालाय. दाढ भरून घेता येईल. हिरडी मात्र आपोआप वर चढत नाही. वाढलं तर तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून तिथे लावावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

तुमचं संमतीपत्र पुन्हा वाचलं. रक्तस्राव आहे, संसर्ग आहे, ॲलर्जी आहे. दात आणि हिरडी हे शब्द कुठेच नाहीत. हृदयाच्या झडपेचा आजार आहे का, हेही विचारलेलं नाही. तोंडातले जंतू रक्तात गेले तर अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर तोंडातलं पिअर्सिंग नकोच म्हणते. तुम्ही तसं म्हणावं अशी अपेक्षा नाही, तुमचा तो धंदा आहे. पण सही घेण्याआधी धोका सांगायला काय हरकत होती?

दाढेचा आणि हिरडीच्या उपचाराचा खर्च तुम्ही द्यावा. संमतीपत्र दुरुस्त करावं. आणि ज्यांच्या जिभेत अजून पहिलीच लांब दांडी आहे, त्या सगळ्यांना फोन करून बोलवावं. हे माझ्या पैशांच्याही आधी करा.

डॉक्टरांचा अहवाल, एक्स-रे आणि बिलं सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,
तुमची एक ग्राहक