जागा जाते ती दाखल्याच्या तारखेवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांतील आरक्षणावर आपल्या स्तंभात सध्या जी पत्रे येत आहेत, त्यांत दोन्ही बाजूंचा सगळा जोर टक्केवारीवर आणि कटऑफवर आहे. आरक्षण हवे, हे माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. पण ज्या मुलामुलींसाठी ते आहे त्यांची जागा नेमकी कुठे हातची जाते, याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कटऑफ. ‘खुल्या गटातला मुलगा ९५ पर्सेंटाइलला बाहेर, राखीव गटातला ८५ ला आत’ हे वाक्य लिहिण्याआधी जागांची संख्या मोजून पाहावी. एका शाखेत ‘कॅप’मधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, भरायच्या ६० जागा धरा. अनुसूचित जातींचे १३ टक्के म्हणजे ७.८, जमातींचे ७ टक्के म्हणजे ४.२, इतर मागासवर्गाचे १९ टक्के म्हणजे ११.४. विमुक्त जातींना ३ टक्के, म्हणजे १.८. भटक्या जमाती ब, क आणि ड यांना अनुक्रमे २.५, ३.५ आणि २ टक्के, म्हणजे १.५, २.१ आणि १.२. यातूनच ३० टक्के मुलींसाठी निघतात. जिथे होम युनिव्हर्सिटी (महाविद्यालय ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे तिथले विद्यार्थी) आणि बाहेरचे विद्यापीठ अशी ७०:३० विभागणी आहे तिथे त्याही वाटण्या होतात. शेवटी भटक्या जमाती ड, म्हणजे भ.ज.(ड), च्या नावापुढे एखादीच जागा उरते. यादीत ‘जीएनटी३एच’ (भ.ज.(ड), होम युनिव्हर्सिटी) या कोडसमोर जो आकडा छापून येतो, तो एका मुलाचा पर्सेंटाइल असतो. त्या वर्षी त्या महाविद्यालयाचा पर्याय कोणी वर टाकला आणि कोणी खाली, एवढ्यावर तो दहा-दहाने वरखाली होतो. त्यावरून अख्ख्या प्रवर्गाची गुणवत्ता ठरवणे चूक आहे. कटऑफसोबत जागांची संख्या छापली, तर निम्मा वाद तिथेच संपेल.

दुसरी चूक ‘ओपनच्या जागा’ या शब्दाची. ‘जीओपन’, म्हणजे यादीतली खुली, जागा कोणत्याही जातीची नसते. इतर मागासवर्गातली मुलगी सर्वसाधारण गुणवत्तेवर त्या जागेत बसत असेल, तर तिला तिथेच जागा मिळते आणि तिची मोजणी राखीव जागांत होत नाही. त्यामुळे ‘त्यांना १९ टक्के आहेतच, वर आमच्यातही येतात’ ही तक्रार मुळात चुकीच्या समजावर उभी आहे.

आता दाखल्यांकडे येते. जातीचा दाखला, त्या दाखल्याची पडताळणी म्हणजे ‘व्हॅलिडिटी’, आणि नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे कुटुंब सधन (क्रिमिलेयर) गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, अशी ही तीन वेगवेगळी कागदपत्रे. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमिलेयर लागत नाही. विमुक्त, भटके, इतर मागास, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, म्हणजे मराठा समाजासाठीचा प्रवर्ग) यांना लागते.

सर्वात जास्त घोळ नॉन-क्रिमिलेयरच्या तारखेत होतो. हे प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. पालक आदल्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी काढलेले प्रमाणपत्र जपून ठेवतात आणि जूनमध्ये तेच अपलोड करतात. ते मागच्या ३१ मार्चलाच संपलेले असते. एका वर्षाच्या उत्पन्नावर काढले तर बहुधा एका वर्षापुरतेच मिळते. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडून ते जास्त मुदतीचे काढता येते, हे सेतू केंद्रावर कोणी सांगत नाही. दुसरा गैरसमज ८ लाखांच्या वार्षिक उत्पन्न मर्यादेचा. ही मर्यादा २०१७ पासून आहे, आणि ती तपासताना पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न त्यात धरायचे नसते. सरकारी नोकराच्या बाबतीत पद कोणत्या वर्गाचे, हे पाहतात. वर्ग ३ च्या कर्मचाऱ्याचा पगार ८ लाखांवर गेला म्हणून त्याची मुलगी क्रिमिलेयर होत नाही. तरीही ‘पगार जास्त आहे, मिळणार नाही’ असे खिडकीवरूनच सांगून परत पाठवलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. ती पुढे अर्जच करत नाहीत.

राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना हे दोन वेगळे कागद आहेत, हेही ऐनवेळी कळते. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमिलेयर) लागते आणि तेही त्याच वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर दिलेले. राज्यात वि.जा.(अ) किंवा भ.ज.(क) असलेला मुलगा केंद्राच्या यादीत त्याच्या जातीचे नाव असेल तर तिथे ओबीसी असतो. एसईबीसीचे १० टक्के २०२४ च्या राज्य कायद्याने आले, केंद्रात तो प्रवर्गच नाही. तिथे त्या मुलाला ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) निकष पूर्ण होत असतील तर त्यातून अर्ज करावा लागतो, राज्यात मात्र एसईबीसीतल्या मुलाला ईडब्ल्यूएस चालत नाही. एकाच मुलाचे दोन फॉर्म, दोन प्रवर्ग, दोन तारखा. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीतच हे फळ्यावर लिहून समजावले पाहिजे.

आणि पडताळणी. ती असू नये असे मुळीच म्हणायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, ती वैद्यकीय प्रवेशासाठी केलेल्या जमातीच्या खोट्या दाव्यावरूनच. खोटा दाखला खऱ्या आदिवासी मुलाच्या तोंडचा घास काढून घेतो. महाराष्ट्राचा २००१ चा २३ वा अधिनियम त्यासाठीच आहे, आणि दावा खोटा ठरला तर शिक्षण-नोकरीचे लाभ काढून घेता येतात, हे २०१७ मध्ये पुन्हा पक्के झाले. प्रश्न आहे तो खरा दावा असलेल्या, पण घरात पहिल्यांदाच कॉलेजपर्यंत पोचलेल्या मुलाचा.

अर्जाला काय लागते ते पाहा. ऑनलाइन अर्ज, प्राचार्यांचे शिफारसपत्र, जातीचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र नमुना ३ मध्ये, कागद खरे असल्याचे शपथपत्र नमुना १७ मध्ये, मुलाचे, वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले. आणि यांपैकी निदान एक पुरावा मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा बापाकडच्या रक्ताच्या नात्यातलाच हवा. आईकडचे कागद कितीही जुने असले तरी सहसा उपयोगाचे नसतात. दाखलाही मानीव दिनांकाला कुटुंब जिथे राहत होते तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचा लागतो. पिंपरीत जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या मुलाचे आजोबा त्या दिवशी भूम तालुक्यात असतील, तर दाखला भूमचा आणि समिती धाराशिवची. पिंपरीत काढलेला दाखला घेऊन समितीपुढे गेले की फाइल पहिल्याच टेबलावर अडते, आणि सगळे मुळापासून सुरू करावे लागते.

आजोबांच्या शाळेचा ‘प्रवेश-निर्गम उतारा’ हा यातला कळीचा कागद. जुन्या रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असे रकाने असतात. आडनाव पुष्कळदा नसतेच; ‘गणपत तुकाराम’ एवढेच. आजोबा पुढे ‘गणपतराव’ झालेले असतात आणि सातबाऱ्यावर ‘गणू’. ही तिन्ही नावे एकाच माणसाची, हे शपथपत्रात लिहून द्यावे लागते. जातीच्या रकान्यात कधी पोटजात असते, कधी नुसते ‘हिंदू’, कधी ‘मराठी’, कधी एक अक्षर आणि टिंब. त्या रकान्यातली शाई आजूबाजूच्या शाईपेक्षा वेगळी दिसली किंवा खाडाखोड असली, की समिती दक्षता पथकाकडे पाठवते. पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहते. रजिस्टर वाळवीने खाल्लेले असेल, शाळाच बंद पडलेली असेल, तर जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, शोधावे लागते. ते बहुधा मोडीत असते. मोडी वाचून लिप्यंतर करून देणारा जाणकार गाठा, त्याची फी द्या. मराठवाड्यात जुने अभिलेख उर्दूत आहेत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा या दप्तरांची अवस्था सगळ्या महाराष्ट्राला कळली. भटक्या जमातींचे काय होत असेल याचा विचार करावा. ज्यांचे आजोबा १९६१ आधी कोणत्याच गावात सहा महिने टिकून राहत नव्हते, त्यांनी कोणत्या शाळेचा उतारा आणायचा?

उलट, ज्या घरात वडिलांना किंवा चुलत्याला आधीच व्हॅलिडिटी मिळाली आहे, तिथे मुलाचे काम सोपे असते. रक्तनात्यातल्या माणसाचे वैध प्रमाणपत्र असेल आणि त्यात फसवणूक नसेल तर ते मानले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितले आहे. ते योग्यच आहे. पण परिणाम असा होतो की वडील नोकरीत असलेल्या घरातला मुलगा वेळेत कागद देतो, आणि जिथे शिक्षणच पहिल्यांदा आले त्या घरातला मुलगा पावतीवर राहतो. आरक्षणाचे फायदे ठरावीक घरांतच फिरतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी या गाळणीकडे पाहावे. गरजू पोर तिथे गाळले जाते.

पावतीवर राहणे म्हणजे काय, तेही सांगते. समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडून प्रवर्गातून फॉर्म भरता येतो. मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिले नाही, तर अर्ज खुल्या प्रवर्गात वळवला जातो. सरकार मुदतवाढ देते, पण बहुतेक वेळा अगदी शेवटच्या दिवसांत, आणि तोवर पालकांनी धास्तीने खासगी महाविद्यालयात पैसे भरलेले असतात. प्रवर्ग बदलला की फीसवलतही जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले हे फार चांगले झाले. पण मागास प्रवर्गातल्या मुलाची शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’ या शासनाच्या संकेतस्थळावर प्रवर्गाच्या कागदांशीच बांधलेली आहे.

शासनाकडे मागणी एवढीच आहे. पडताळणीचा अर्ज अकरावीच्या पहिल्या सत्रातच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरून घेणे प्राचार्यांवर बंधनकारक करावे आणि किती अर्ज गेले याची नोंद दर महिन्याला समितीकडे द्यावी. अर्ज पूर्ण असूनही उशीर समितीकडून झाला असेल, तर त्याची किंमत विद्यार्थ्याला भोगावी लागू नये. निकाल लागेपर्यंत प्रवेश तात्पुरता कायम ठेवावा. शाळांची १९६७ आधीची रजिस्टरे आणि तहसिलातली कोतवाल बुके स्कॅन करून गाववार उपलब्ध करावीत. आणि विमुक्त-भटक्यांसाठी, जिथे लेखी पुरावा असणेच शक्य नव्हते, तिथे गृहचौकशीला, म्हणजे पथकाने घरी जाऊन केलेल्या चौकशीला, खरे वजन द्यावे.

शेवटी अकरावीच्या पालकांसाठी एक सूचना. मे महिन्यात शाळा बंद असतात, मुख्याध्यापक गावी गेलेले असतात आणि रजिस्टराचे कपाट कुलपात असते. आजोबांच्या शाळेचा उतारा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच मागावा. लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि उताऱ्यावर रजिस्टरचा क्रमांक, नोंदीचा अनुक्रमांक, मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि तारीख आहे ना, हे शाळेतून निघण्याआधी पाहून घ्यावे.

आपली,
एक वाचक